बंडीचं माप

तुर्भ्यात थंडी एकाच इमारतीत राहते.
तिला लोखंडी दार आहे, वीतभर जाड,
आणि दारावर लाल आकडा : उणे अठरा.
बाहेर मे महिना. हमाल पाठीवर ओलं फडकं टाकून
कलिंगडं उतरवतात.
आत मी वाटाण्याची खोकी मोजते,
आठ तास, मध्ये दोनदा चहा.

कंपनीचं जाकीट आहे. कुणा उंच माणसाचं.
बाह्यांत हात सापडत नाहीत,
कॉलरला आधीच्या पाळीच्या तंबाखूचा वास,
चेन अर्ध्यावर अडते.
साहेब म्हणाले, बायकांचा साइज येत नाही.

निफाडला रेल्वे फाटकावर असताना
वडील बंडी घालायचे.
रुई भरलेली, उभे टाके, बगलेखाली बंद.
पहाटेची मालगाडी गेली की
कंदील दोन्ही पायांत धरून बसायचे
आणि मला बंडीच्या आत घ्यायचे.
शिवणाऱ्यानं दोघांचं माप घेतलं होतं की काय!
ती बंडी पुढे कुठे गेली, कुणाला आठवत नाही.
भांडीवालीकडे गेली असेल,
एखाद्या स्टीलच्या डब्यावर.

नाक्यामागे हसीनाबी गाद्या भरते.
पिंजायचं यंत्र बंद पडलं, मुलगा रिक्षा चालवू लागला,
ती अजून काठीने रुई झोडते.
पापण्यांवर कापूस.
मी म्हटलं, बंडी हवीय.
"इथे? बंडी?"
खूप हसली. मग खोकली. मग म्हणाली, उभी राहा.

टेप नव्हता. सुतळी होती.
छातीला एक गाठ, खांद्याला एक,
आणि मग तिने विचारलं
जे कुठल्याच शिंप्याने मला विचारलं नव्हतं :
"थंडी पहिली कुठून शिरते?"

पत्र्याखालच्या त्या भट्टीत
डोळे मिटून मी थंडी आठवली.
डावा खांदा. पंखा त्या बाजूला.
मग मानेखालचं हाड.
मग कंबर, मागून,
दुसऱ्या बाळंतपणात सुई टोचली होती तिथे.
मी सांगत गेले, ती बोट ठेवत गेली,
माझ्या घामेजल्या ब्लाउजवर
निळ्या खडूच्या तीन फुल्या.

"आणि पेन गोठतं," मी म्हटलं, "उठत नाही."
"मग त्याला आतून खिसा. छातीशी राहील."
पेनालाही तिने माणसांत धरलं.

नऊ दिवस लागले.
अर्धा किलो रुई, जुन्या धोतराचं अस्तर,
वरून जांभळा मांजरपाट.
डावा खांदा उजव्यापेक्षा फुगीर.
आरशात वाटतं, एका खांद्यावर
कुणाचं तरी मूल झोपलंय.
सुलक्षणा म्हणाली, फसवलंय तुला, परत दे.
मी नाही दिली.

पैसे मोजून घेताना हसीनाबी म्हणाली, मला एकदा तिथे ने.
बघू दे माझी रुई काय करते.
गेटवर रखवालदाराने पास मागितला.
ती म्हणाली, बंडी रोज आत जाते, तिला पास आहे?
तो हसला, पण सोडलं नाही.

म्हणून परवा पाळी सुटल्यावर
मी बंडी न काढताच निघाले.
ट्रकांमधून, आंब्याच्या पेंढ्यावरून,
पळत, नाक्यापर्यंत.
माणसं बघत राहिली.
कुणीतरी म्हणालं, ताप असेल बिचारीला.

हसीनाबीनं हात पदराला पुसले.
वरून तळवा लावला. माठासारखी गार.
मग दोन बोटं आत सरकवली,
पेनाच्या खिशात,
आणि बराच वेळ तिथेच ठेवली,
नाडी बघावी तशी.

"धरलंय," म्हणाली,
आणि काठी उचलली.